तुझ्या वहाणा अजून वारुळापाशीच आहेत

आक्का, तुझं टिपाड अजून जितं आहे.

गोठ्याच्या कुडाला टेकून तू ठेवलेलं ते निळं टिपाड, प्लास्टिकचं पिंप. तोंडाला तुझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा, सुतळीनं आवळलेला. तू गेल्यापासून त्याला हात लावायला कुणी तयार नाही. तरी दुपारी ऊन त्याच्यावर आलं की आतून बुडबुड ऐकू येते. म्हातारं माणूस झोपेत तोंडातल्या तोंडात बोलतं तशी. मधेच लुगड्याचा तुकडा फुगतो आणि पुन्हा खाली बसतो. माझी सूनबाई आता त्या बाजूच्या दोरीवर धुणं टाकत नाही.

"मामा, आत्या गेल्या तरी ते श्वास घ्यायलंय," ती म्हणाली. "मला भ्या वाटतंय."

"श्वास न्हाई तो," मी म्हणालो. "गूळ खाऊन दिलेला ढेकर हाय."

ती हसली नाही. तू हसली असतीस.

माझा पोरगा परळीहून आलता तुझ्या तेराव्याला. वीजकेंद्राची राख वाहणाऱ्या गाडीवर असतो, दोन दिवसाच्या वर थांबत नाही. जाताना मला बजावून गेला, पुढच्या खेपेला येईन तवर ते टिपाड घरात दिसता कामा नये. नाल्यात उलटं करा, नाहीतर मी करतो. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. आणि ज्या टिपाडाला मी तुझ्या तोंडावर "सडकं आंबील" म्हणायचो, त्यात तुझ्या माघारी रोज मूठभर गूळ टाकणारा मीच आहे, हे घरात कुणाला ठाऊक नाही. तुला सांगतो. तू कुणाला सांगणार नाहीस.

तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहितो. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, वेडंवाकडं. वाचून दाखवायला मीच येईन.

गावात काय बोलतात ते तुला कळलं असेल. भावकीतली गयाबाई तेराव्याच्या पंगतीत, तुझ्याच नावाचं जेवताना म्हणाली, "वारुळात वतलं, वारुळानं नेलं." हळू म्हणाली, पण मला ऐकू जाईल इतकीच हळू. मी पंगतीतून उठलो नाही. तिला म्हणालो, "गयाबाई, अजून एक लाडू घ्या. तोंड भरलेलं बरं दिसतंय तुमचं." तेवढंच केलं. पण आक्का, तिला खोटं कसं पाडू? तेच मी तुला तिच्या आधी बोललो होतो.

सगळं तुझ्या सीताफळांपायी झालं. माळावरची ती झाडं तुझी, हे मी कधी नाकारलं नाही. नवरा गेल्यावर तू माहेरी आलीस तेव्हा आपल्या बापानं तुला विचारलं, तुझ्या नावानं काय करू? तू म्हणालीस, तो खडकाळ माळ द्या, ज्यात कुसळाशिवाय काही येत नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून पहारीनं खड्डे पाडायला लागलीस. बाई पहार चालवते म्हणून गाव हसायचं. मी पण हसलो असेन, मी तेव्हा मिसरूड न फुटलेला होतो. फळं आली तेव्हा पहिलं फळ फोडून तू माझ्या तोंडात कोंबलंस आणि म्हणालीस, "खा दगड्या. आता हस."

त्या झाडांना वाळवी लागली. आधी बुंध्याला बोटभर मातीचा पट्टा दिसला, मग हातभर, मग फांदीपर्यंत. ओल्या मातीचं जणू कुणी लिंपण करत वर चढतंय, पण करणारा कधी दिसत नाही. पट्टा नखानं खरवडला की आत पांढरे जीव पळताना दिसायचे, आणि सकाळी तो पट्टा पुन्हा जागच्या जागी. मी रॉकेल घातलं, दुकानातलं जहर घातलं. महिना जायचा आणि पुन्हा माती. एकेक झाड उभं राहून मरायचं, वरून हिरवं आणि आतून पोकळ. बुंध्यावर टिचकी मारली की डब्यावर मारल्यासारखं वाजायचं.

"थांबत न्हाई ती," मी तुला सांगितलं. "दुनिया थांबंल, वाळवी थांबणार न्हाई. तोड झाडं, ज्वारी पेरू."

"थांबती," तू म्हणालीस. "काय बी असू दे, एक दिवस दमतंय."

त्यात ती मॅडम आली, कृषीवाली. तुमच्या बायकांच्या बैठकीत बसली. मी बाहेर लिंबाखाली बसून सगळं ऐकत होतो, असं तू नेहमी म्हणायचीस. मी सावलीला बसलो होतो. ऐकू आलं त्याला मी काय करणार? मॅडम म्हणाल्या, डोळ्याला न दिसणारे जिवाणू असतात, ते वाळवीला आजारी पाडतात. तिकडं आसामात चहाच्या मळ्यात वाळवी लई त्रास देते, तिथं असे जिवाणू घालून बघितलेत. आपल्या फळझाडांना बी घालून बघू.

घरी येऊन तू चुलीवर चहा ठेवलास आणि म्हणालीस, "दगड्या, चहाच्या झाडालाबी वाळवी लागती म्हणं."

"मग आजवर तू वाळवीच उकळून पाजलीस व्हय मला?"

"तरीच तुझं डोकं आतून पोकळ," तू म्हणालीस, आणि माझ्या कपाळावर टिचकी मारलीस. सूनबाई पदर तोंडाला लावून हसत होती. असा चहा पुन्हा झाला नाही घरात.

मग तू मला ते सांगितलंस, जे मला आजपर्यंत सोडत नाही. वाळवीला डोळे नसतात म्हणालीस. अंधारात एकमेकीला चाटून ओळखतात. एक आजारी पडली की बाकीच्या तिला चाटून साफ करायला जातात. त्या चाटण्यातून रोग त्यांना लागतो, आणि त्या तो पुढं नेतात, खाली, राणीपर्यंत.

"म्हंजी माया केली म्हणून मरत्यात," मी म्हणालो.

तू चहाची कपबशी खाली ठेवलीस. मग म्हणालीस, "माया न केलेलं तरी कोण वाचलंय?"

मॅडमनी एक बाटली दिली. गुळाच्या पाण्यात ती ओतायची, काठीनं हलवायचं, वास आंबट झाला की बुंध्याला आणि वारुळात घालायचं. टिपाड संपलं की नवी बाटली न्यायची. एवढं साधं होतं. पण तू ऐकशील तर तू कसली? तू प्रत्येक वेळी तळाला तांब्याभर ठेवायचीस आणि त्यावरच नवं गुळपाणी ओतायचीस. मॅडमला कळलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला.

"आक्का, असं करू नका हो. दर वेळी बाटलीतलंच घ्यायचं. नाहीतर आत दुसरंच काहीतरी वाढतं. मग त्यात काय आहे ते मला पण सांगता येणार नाही."

तू म्हणालीस, "बाई, दही लावायला कुणी दर वेळी डेअरीत जातंय का? विरजण घरचंच असतंय."

त्या बिचाऱ्या हसत गेल्या, पण जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, काका, तुम्ही तरी समजावा. मी समजावलं नाही. मला वाटलं, बिघडू दे. बिघडलं तर आपोआप बंद होईल. पण ते बिघडलं नाही, आक्का. ते बदललं. आधी त्याला ताकाचा वास होता. नंतर पाऊस पडून गेल्यावर जुन्या विहिरीत डोकावलं की येतो तसा वास यायला लागला. रंग गढूळ पिवळा होता, तो लालसर झाला. तू काठी फिरवताना त्याच्याशी बोलायचीस. "उठा, कामाला लागा," असं म्हणायचीस. कुणाला म्हणायचीस?

बुंध्याला घालत होतीस तोवर मी गप्प होतो. वारुळाचं नाव काढलंस तेव्हा मी उठलो. बांधावरचं आपलं वारूळ, माणसाच्या छातीइतकं. आपली आई तिथं पंचमीला लाह्या-दूध ठेवायची, तिच्या आधी तिची सासू. पोळ्याचे बैल त्याच मातीचे, घटाची माती तिथलीच. आणि आपला आज्जा सांगायचा ते तुला माझ्याहून चांगलं पाठ होतं. वारुळाला धक्का लागला की घरातलं एक माणूस जातं.

पंचमीच्याच दिवशी भांडलो आपण, भर दुपारी, वारुळासमोर. तुझ्या हातात लाह्यांची वाटी होती.

"हात लावलास तर घरातलं माणूस जाईल, आक्का."

"कुणाचा हात लागल्यावर?"

"लावील त्याचा. कुणाचाबी."

"मग मीच जाईन की. मीच लावणार हाय." तू लाह्या ठेवल्यास, हळदकुंकू लावलंस आणि वर बघून म्हणालीस, "नागोबा काय वाळवी खाऊन जगतंय व्हय? त्याला मोकळं घर मिळंल. उलट माझं नाव काढील."

मी जे बोललो ते मागं घेणार नाही. आज्जानं सांगितलं तेच बोललो. तूही तुझं मागं घेतलं नाहीस. म्हणून हे भांडण आपल्यात तसंच राहिलं, मधल्या भिंतीसारखं, आणि त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंनी आपण चहा पीत राहिलो.

तू वारुळात घालायला लागलीस. पण कसं, ते मी बांधाच्या पलीकडून पाहिलंय. आधी वहाणा काढायचीस. त्या तुझ्या जाड चामड्याच्या, घाटनांदूरच्या बाजारातल्या, गड्याच्या मापाच्या वहाणा. चालताना करकर वाजायच्या, तू येतेयस हे वेशीपासून कळायचं. त्या जोडीनं नीट ठेवायचीस, जशा देवळाबाहेर ठेवतात. हात जोडायचीस. मग तांब्यानं एकेका भोकात हळूहळू ओतायचीस, आजाऱ्याला पेज पाजावी तशी. जहर घालणारं माणूस असं घालत नाही. मला राग आला होता तरी हे मी पाहिलं.

नवरात्रात घट बसवायला तू माती तिथूनच आणलीस. मी म्हणालो, त्यात तुझं ते पाणी मुरलंय, दुसरीकडची आण. तू ऐकलं नाहीस. आणि घट असा आला की गल्लीतल्या बायका बघायला आल्या. एवढे दाट, एवढे उंच अंकुर आपल्या घरात कधी आले नव्हते. कांड्या जाडजूड, टोकं वाकून खाली आलेली, परडीच्या बाहेर जमिनीवर टेकलेली. जणू काही शोधत होती. बायका म्हणाल्या, घरात भरभरून येणार. गयाबाईच पहिली म्हणाली. मला मात्र त्या घटासमोर बसवेना. पाठ फिरवली की पानांची सळसळ व्हायची. वारा नव्हता.

दसरा झाला आणि तू शेवटचा तांब्या घालायला गेलीस. दुपारी परत आलीस तेव्हा मला कळलंच नाही तू आलीस ते. करकर आली नाही. दारात बघतो तर तू अनवाणी.

"वहाणा कुठं टाकल्यास?"

तू पायांकडं पाहिलंस, जसं दुसऱ्याचे पाय बघावेत. "वारुळापाशीच राहिल्या वाटतं. राहू दे. उद्या आणीन."

"म्हातारपणी पाय विसरायलीस. उद्या डोकं विसरशील."

"ते तू सांभाळ. तुझं रिकामंच हाय, जागा हाय," असं म्हणून तू अंथरुणावर पडलीस, आणि उठली नाहीस.

डॉक्टरनं छातीला नळी लावून सांगितलं, कफ साठलाय, वय झालंय. मी त्यांना वारुळाचं विचारलं. त्या पाण्याचं पण विचारलं. ते म्हणाले, त्याचा काही संबंध नाही काका, हे साधं छातीचं दुखणं आहे. मी मान डोलवली. शिकलेल्या माणसासमोर मान डोलवायला काय जातंय.

तापात तुझ्या ओठांवर पांढरं सुकायचं. मी ओल्या फडक्यानं पुसायचो. आयुष्यात मी कुणाचं तोंड पुसलं नव्हतं, माझ्या पोराचंसुद्धा नाही. लहानपणी तू मला कडेवर घेऊन माळ चढायचीस, माझं नाक तुझ्या पदराला पुसायचीस, ते काही मला आठवत नाही. पण हातांना आठवत असावं. तू डोळे उघडलेस आणि आवाज नव्हता तरी बोललीस, "लई जवळ येऊ नको रे. वाळवीवानी तूबी मरशील." आणि हसलीस. मी हसलो नाही. आक्का, ती चेष्टेची वेळ होती का?

मी जवळून हललो नाही, हे मात्र लिहून ठेवतो.

तू गेल्यावर तुझ्या वहाणा आणायला सूनबाई निघाली होती. मीच म्हणालो, राहू दे, तिनं आणीन म्हणलंय. ती दारातूनच मागं फिरली. मग कुणी गेलंच नाही. मीही नाही. पण पोरगा टिपाडाचं बोलून गेला, आणि मला वाटलं, ते नाल्यात उलटं करायचं का ठेवायचं, हे ठरवायचं तर आधी तुझं खरं का माझं खरं हे बघितलं पाहिजे. तू मोठी होतीस, पण मीही काही आंधळा निवाडा करणारा माणूस नाही.

आज दुपारी गेलतो.

ऊन अगदी उभं होतं. माळावर माणूस नाही, पाखरू नाही. माझी सावली पायाखाली घुसलेली. लांबून वारूळ तसंच दिसलं, आणि त्याच्या पायथ्याशी काहीतरी बसल्यासारखं दिसलं. जवळ जाईपर्यंत मला वाटत होतं कुणी लहान मूल पाय पोटाशी घेऊन बसलंय.

तुझ्या वहाणा होत्या. जोडीनं ठेवलेल्या, तोंड वारुळाकडं.

डाव्या वहाणेवर माती चढली होती. अंगठ्यापासून टाचेपर्यंत, पट्ट्याच्या वळणासकट. वाळवीनं लिंपून काढली होती. पट्टा मातीचा, तळ मातीचा, अंगठ्याजवळ तुझ्या पायानं पडलेला खळगा, तोसुद्धा मातीचा. मातीच्याच पायानं मातीची वहाण घातलीय असं दिसत होतं. मनात म्हणालो, बघ, मी सांगितलं होतं. थांबत नाही ती. तुलाही लिंपायला निघालीय.

मग मी उजवी बघितली.

उजवीवर माती टाचेपासून सुरू झाली होती आणि मध्यावर संपली होती. पुढं मोकळं चामडं, उन्हात तडकलेलं. मातीचा काठ खडबडीत, अर्ध्या भिंतीसारखा. कुणीतरी काम करता करता हात झटकून उठून गेलं, आणि परत आलंच नाही.

मी खाली बसलो. काठाची माती चिमटीत घेतली. कोरडी ठणठणीत, फुंकर मारली तर उडाली. आत पांढरं काही पळालं नाही. डाव्या वहाणेवरची माती नखानं उचकटली. तिथंही काही नाही, नुसत्या पोकळ नळ्या. मग मी वारुळाला कान लावला. लहानपणी आपण लावायचो, आठवतंय? तू माझं डोकं धरून लावायचीस. आतून वाळलेली पानं चुरगाळल्यासारखा आवाज यायचा आणि मी पळत सुटायचो.

आज काही आलं नाही. मी दुसरा कान लावला. वारूळ गार होतं, एवढ्या उन्हात गार, आणि आत एवढं मोठं घर, आणि त्यात कुणी नाही.

तुला खरं सांगू का? तेव्हा भ्यालो मी. आवाज यायचा तेव्हा जेवढा भ्यायचो, त्याहून जास्त.

येताना तुझी झाडं बघितली. बुंध्यावरचे पट्टे सुकून पापुद्र्यासारखे निघायलेत. खाली साल आहे, जिती. नखानं खरवडली तर हिरवी.

हे तुझ्या जिवाणूंनी केलं, का मॅडमच्या, का त्या टिपाडात जे काही तू विरजत गेलीस आणि ज्याला कुणालाच नाव देता येत नाही त्यानं, हे मला ठाऊक नाही. वाळवी मेली का नुसती दुसऱ्या घरी निघून गेली, तेही ठाऊक नाही. एकदा बघून मी हार मानत नसतो. वहाणा पुन्हा बघाव्या लागतील. पण तुझ्या वहाणा जुन्या, तुझ्या घामाच्या. त्यांच्यापाशी वाळवी थांबलीही असेल, तुझी भीड ठेवून. पारख करायची तर दुसरं चामडं पाहिजे.

घरी आलो तेव्हा सूनबाई दारात ज्वारी पाखडत होती. सूप हातात तसंच राहिलं तिचं.

"मामा," ती म्हणाली. "वहाणा कुठं हायत तुमच्या?"

मी खाली पाहिलं. पाय माळाच्या मातीनं लाल झाले होते. तिच्याकडं न बघता गोठ्याकडं वळलो. टिपाडावर ऊन आलं होतं, लुगड्याचा तुकडा फुगला होता. कोनाड्यातली गुळाची ढेप फोडली, या वेळी तिच्या डोळ्यांदेखत.

"राहू दे," मी म्हणालो. "उद्या आणीन."